दोमेनिकाची घागर

“दो-मे-नि-का. जोर ‘मे’वर दे, माय!” रतिलाल ओरडला.

गजराबाईने पुन्हा म्हटलं. पुन्हा जोर ‘का’वरच गेला. लोणखेड्यात कुणाला हाक मारायची तर शेवटचं अक्षर लांबवायचं असतं. जन्माची सवय एका सकाळीत कशी मोडणार?

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस होता. ओसरीवर दोन घागरी होत्या. एक रतिलालच्या मेलेल्या बापाची. आईबापाची घागर पोराने भरायची, ही रीत. त्याने ती सकाळीच भरली होती, वर डांगर, म्हणजे खरबूज ठेवून, पाणी प्यायला ये म्हणून नावाने हाक मारली होती. दुसरी घागर दोमेनिकाची; ती कोरी, रिकामी होती. ऊन डोक्यावर येत होतं आणि पितरांची वेळ टळत चालली होती.

दुसऱ्या महायुद्धात पकडलेला रतिलाल इटलीतल्या कैदेतून पळाला, तेव्हा दोमेनिका नावाच्या म्हातारीने त्याला आठ महिने गोठ्यात लपवलं. परका म्हणून ओळखू येऊ नये, यासाठी बोलायला शिकवलं. पाव मळता मळता ती शब्दाचे तुकडे पाडायची. तुकड्याला एक थाप, जोराच्या तुकड्याला मोठी. बहुतेक शब्दांत मोठी थाप शेवटून दुसऱ्या तुकड्यावर पडायची. तिचं नावच तेवढं आडमुठं, शेवटून तिसऱ्यावर.

मग गस्तीचे शिपाई आले. रतिलाल मागच्या दाराने निसटला. तिला त्यांनी अंगणातच गोळी घातली. तिच्यामागे पाणी द्यायला कोणी उरलं नव्हतं.

परक्या बाईची घागर रतिलालने पोर म्हणून कशी भरायची? म्हणून पाहुणी समजून घरधनिणीने, गजराबाईने, घागर भरून तिला बोलवावं, असं ठरलं होतं.

“मन्ही जीभ वयत नई रे,” गजराबाई रडकुंडीला आली.

“अशी हाक मारशी तर तिले कसं समजी?” रतिलालने खांबावर कपाळ आपटलं. “ती मन्हासाठे मरनी, माय! अन् मी तिले घोटभर पानी दी शकत नई!”

तो हमसून रडायला लागला. लढाईहून आल्यापासून पहिल्यांदाच.

“तू तिले काय म्हने?” गजराबाईने हळूच विचारलं.

“माम्मा.”

“म्हंजे?”

त्याने मान खाली घातली. “माय.”

गजराबाईने रिकामी घागर उचलली आणि त्याच्या हातात दिली.

“मंग तूच भर, पोरा. तुन्ही माय मरी गयी.”