नववं टिंब

दौंडच्या त्या छोट्या प्रकाशनात पुस्तकं तपासणाऱ्या प्रगतीची एक सवय होती. गटाचा फोटो आला, की ती प्रत्येक कपाळावर पेन्सिलीने बारीक टिंब द्यायची आणि टिंबं खालच्या नावांशी ताडून बघायची.

कवठे येमाईच्या मल्हारी आप्पांनी आपल्या गावावर पुस्तक लिहिलं होतं. त्यातल्या एका फोटोत नऊ नावं, नऊ माणसं. पांढऱ्या पटक्याचे बिरदेव आबा मागच्या ओळीत उभे होते.

दुसऱ्या प्रुफात आबा मधल्या ओळीत दिसले. आपलीच नजरचूक, म्हणत तिने नावांचा क्रम बदलला.

आज तिसरं प्रूफ आलं, तर आबा पुढच्या खुर्चीत!

"सत्यजीत, फोटो बदललास का रे?"

"न्हाई मॅडम, हात पण लावला न्हाई," कॉम्प्युटरवरचा सत्यजीत म्हणाला.

तिने नऊ टिंबं दिली, पेन्सिल ठेवली आणि आप्पांना फोन लावला.

"बिरदेव आबा व्हय? ते फोटोच्या आधीच वारले. त्यांची खुर्ची मोकळीच ठिवली व्हती. नाव मातुर घाला, मान हाय त्यांचा."

प्रगतीने तिन्ही प्रुफं शेजारी मांडली. तिन्हीत माणसं आठच. खुर्ची मोकळी.

टिंबं मात्र नऊ. पहिल्यात नववं मागच्या भिंतीवर, दुसऱ्यात मधल्या ओळीच्या फटीत, तिसऱ्यात रिकाम्या खुर्चीच्या जरा वर.

तिने पुन्हा मोजलं. तिसऱ्यात दहा होती. दहावं टिंब फोटोच्या बाहेर, खालच्या कोऱ्या समासात होतं. तिचा हात टेकला होता, अगदी तिथे.