उतार

आज गुणवंतीने घरामागे कळशी ओतली नाही. तिचा नवरा हरेश्वर रात्रभर उठून उठून कुडाच्या कडेला लघवीला बसायचा, तिथं काळ्या मुंग्यांची ही मोठी रांग लागली होती. ती तिने तशीच राहू दिली आणि त्याच्या उठण्याची वाट बघत उभी राहिली.

भायखळ्याहून घोड्यांची ट्राम धरून तिनेच त्याला गिरगावच्या वैद्यांकडे नेलं होतं. वैद्य म्हणाले, "मधुमेह आहे. भात बंद. हे चूर्ण दोन्ही वेळा घे. मुंग्या लागायच्या थांबल्या की समज, उतार पडला." झालं! तेव्हापासून हरेश्वर उठला की आधी कुडाजवळ जायचा. वरळीच्या खडकांतून भर वाऱ्यात होडी काढणारा हा गडी, मुंग्या दिसल्या की हातपाय गाळून बसायचा. जेवायचा नाही, बोलायचा नाही. तिला ते बघवेना. म्हणून तो उठायच्या आत ती खाऱ्या पाण्याची कळशी ओतून सगळं धुऊन काढू लागली. माणसाला जरा उभारी यावी, एवढंच तिच्या मनात होतं.

उभारी आली, ती अशी की काल त्याने चूर्णाची पुडी समुद्रात भिरकावली. "बरा झालो गो मी! आता औषध कुणाला?" आणि वर ताटभर भात मागितला. तिने रडत रडत कळशीचं सगळं कबूल केलं. हरेश्वर खो खो हसला. "मना कडू पाजायला खोटं बोलतेस व्हय!"

म्हणून आज ती त्याला दाखवणारच होती.

"अवो, इकडं या," तो बाहेर येताच ती म्हणाली. "बघा आता. हायत का नाय मुंग्या?"

हरेश्वर गुडघ्यांवर हात ठेवून चांगला वाकला. मुंग्या त्याच्या नाकासमोर वळवळत होत्या.

"कुठं हायत? एक बी नाय. जमीन साफ हाय!"

ती चिडली. हा काय पोरखेळ! मग तिचं लक्ष त्याच्या डोळ्यांकडे गेलं. ते मुंग्यांवर नव्हतेच. थोडे बाजूला, नुसत्या मातीवर लागले होते. हल्ली जाळं सांधताना तो फाटलेली जागा बोटांनीच चाचपायचा. हात सरावलाय, असं तिला वाटत आलं होतं.

हरेश्वर खुशीत एक पाऊल पुढे आला, तो नेमका रांगेत. मुंग्या त्याच्या पायावर चढल्या. अंगठ्याजवळच्या न भरलेल्या जखमेभोवती गोळा झाल्या. त्याने पाय हलवलासुद्धा नाही. भाताबरोबर कालवण कशाचं करायचं, ते तो सांगत होता.

गुणवंतीला हुंदका आवरेना. ती मटकन खाली बसली आणि पदराने त्याच्या पायावरच्या मुंग्या झाडू लागली.

हरेश्वरने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"उठ गो," तो मायेने म्हणाला. "एवढंसं खोटं बोललीस म्हणून कुणी पाया पडतं व्हय?"