चार मिनिटांचा फोटो

गावात नव्यानं निघालेल्या फोटोंच्या गॅलरीत बसथांब्याचा मोठा फोटो लागलाय आणि त्यात तुम्ही आहात, असं गिऱ्हाइकानं सांगितलं, तसं हातातलं शिवण टाकून शिंपीकाका तडक निघाले. आठ महिन्यांपूर्वी त्याच थांब्यावर त्यांनी लेकाला बसमध्ये बसवून दिलं होतं. ती बस वाटेतच दरीत कोसळली.

फोटो त्याच दिवसाचा होता. काका उभे होते. पायाशी लेकाची बॅग होती, काकांनीच शिवलेली, टाका न् टाका मोजून घ्यावा इतकी स्पष्ट उमटलेली. बाकी थांबा ओस.

"माझा मुलगा इथं शेजारीच होता हो," काका फोटोवाल्या बाईंना म्हणाले. "त्याला का पुसलंत?"

"नाही हो काका, मी काहीच पुसलेलं नाही." बाई ओशाळल्या. "या फोटोसाठी कॅमेरा चार मिनिटं उघडा ठेवला होता. तेवढा वेळ जो एका जागी उभा राहतो, तोच उमटतो. येरझाऱ्या घालणारा माणूस यात येतच नाही. त्या दिवशी गर्दी होती, पण सगळे हलत होते. तुम्ही तेवढे आलात."

काकांनी चष्मा पुसला आणि फोटोला नाक लावून बॅगेशेजारची रिकामी फरशी ते बघत राहिले. तिथंच त्या दिवशी ते लेकावर तीनदा खेकसले होते, "अरे, पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या? जरा एका जागी उभा राहा की!"