पहिलं गिऱ्हाईक

“नको,” ती म्हणाली.

भिंतीपलीकडचा शेजारी खुर्चीच्या कडेवर सरकला. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. माणसाच्या डोळ्यांत बघून बोलायची त्याला सवय होती. “वहिनी, भाव कमी वाटतोय का?”

“भाव चांगला आहे.”

“मग? जाहिरात नको, दलाल नको, परक्या माणसांची घरभर ये-जा नको. मधली भिंत पाडली की माझं घर मोठं आणि तुम्ही मोकळे. मला काही बघायचंही नाही. घर पाठ आहे माझं.”

“तेच तर,” ती म्हणाली. “पहिल्याच बोलीला देऊन टाकायला ही काय शिळी भाजी आहे? आधी बाजारात तर जाऊ दे.”

शेजाऱ्याने तिच्या नवऱ्याकडे बघितलं. नवरा पलंगाच्या पायथ्याशी उभा होता, हातात तिच्या औषधाची बाटली. छापखान्यात यंत्रापुढे त्याचं आयुष्य गेलं होतं. तिथे बोललेलं कुणाला ऐकू जात नसे, म्हणून त्याने लोकांशी बोलणंच सोडलं होतं. घरातर्फे बोलायला ती होती.

शेजारी गेला. बाहेरचं दार ओढून घेतल्याचा आवाज आला, तसा नवरा पलंगावर टेकला.

“डोकं फिरलंय का तुझं? आपण मनात धरलं होतं त्याहून जास्त देत होता. ती तळमजल्यावरची जागा लगेच घेतली असती. हॉस्पिटल समोरच. हे तीन जिने सुटले असते तुझे. आता जाहिरात द्या, लोकांची वाट बघा. वेळ कुठे आहे आपल्याकडे?”

बोलून गेल्यावर त्याने बाटलीचं झाकण आवळलं. ते आधीच घट्ट होतं.

“मी जिना आता एकदाच उतरणार आहे,” ती म्हणाली. “त्याची घाई तुम्ही करू नका.”

त्याने बाटली उशाजवळ ठेवली.

“घर विका. तळमजला घ्या, तुमच्या गुडघ्यांना बरा. पण जाहिरात देऊन विका. रोज कोणी ना कोणी बेल वाजवेल. उठून दार उघडावं लागेल तुम्हाला.”

“तेच नकोय मला.”

“माहीत आहे.”

तिने उशाजवळचा चमचा उचलला आणि स्टीलच्या पेल्यावर वाजवला. टक टक.

“काय? पाणी देऊ?”

“मी गिऱ्हाईक आहे. घर बघायला आलेय. दार उघडा.”

“पोरखेळ नुसता.”

टक टक.

तो उठला. बाहेरच्या खोलीत जाऊन त्याने कडी काढली, दार उघडलं. जिन्यात कोणी नव्हतं. कोणी बघितलं तर नाही ना, म्हणून त्याने खालीही डोकावलं. मग दार लावून परत आला.

“नुसतं दार उघडलंत? गिऱ्हाईक अजून बाहेरच उभं आहे. या म्हणायचं असतं.”

“या,” तो पुटपुटला.

“मला इथे ऐकू आलं नाही, त्याला काय येणार? बरं, बसा म्हणा, पाणी विचारा. मग मी विचारणार, ऊन कुठून येतं?”

“खिडकीतून.”

“भिंतीतून येत नाही ते मलाही कळतं. कुठल्या खिडकीतून? केव्हा?”

त्याने विचार केला. “सकाळी, स्वयंपाकघरात. ओट्यावर येतं. तू दूध तापवतेस तेव्हा.”

“आणि टाकी कधी भरायची?”

“ते तुला माहीत.”

“मी गिऱ्हाईक आहे. मला कसं माहीत असणार?”

त्याला हसू आलं. तीही हसली. हसता हसता तिला खोकला आला आणि बराच वेळ थांबेना. तो पाठीवर हात फिरवत राहिला. श्वास जागेवर आल्यावर तिने त्याचा हात बाजूला केला.

“पहाटे भरायची. नळाला आवाज आला की लगेच. लक्षात ठेवा. न्हाणीघराच्या दाराचं काय?”

“दार वर उचलून कडी लावावी लागते.” हे त्याला माहीत होतं.

“शाबास. आधीच सांगून टाका, लपवू नका. चार शब्द बोललात की समोरचाही बोलतो.” तिने डोळे मिटले. त्याला वाटलं, झोप लागली. पांघरूण ओढायला तो वाकला.

“आणि घरात कोण कोण असतं?” तिने डोळे न उघडताच विचारलं.

“आम्ही दोघं.”

तिने डोळे उघडले आणि त्याच्याकडे बघत राहिली. मग चमचा उचलला. चमचा पेल्याला लागलाच नाही. तिने पुन्हा उचलला.

टक टक.

तो उठला. बाहेरच्या खोलीत गेला. कडी काढून त्याने दार उघडलं. समोर रिकामा जिना होता.

“या,” तो म्हणाला. आतल्या खोलीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.