यांच्या वाटची प्रार्थना

चहा निवत चालला होता आणि नवऱ्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

जन्मभर बस चालवलेला माणूस. सकाळी चहाआधी डोळे मिटून खणखणीत आवाजात साऱ्या घरासाठी प्रार्थना करायचा. बायको दारात उभी राहायची, एक कान प्रार्थनेकडे, एक डोळा दुधाकडे. शेवटी ‘आमेन’ म्हटलं की तिचं काम झालं. पण अर्धांगाचा झटका आला आणि त्याची वाचाच गेली. कालच तो दवाखान्यातून घरी आला होता.

“बा... बा...” त्याने डोळे मिटून प्रार्थना सुरू करून पाहिली.

“राहू द्या हो. देवाला कळतं सगळं.”

त्याने मान हलवली. चांगल्या हाताने तिच्याकडे बोट केलं.

“मी? मला कुठं येतं तुमच्यासारखं?”

बोट काही खाली येईना. ती पदराला हात पुसत समोर बसली.

“देवा, हे घरी आले. बरं केलंस. आता... पुढचं तूच बघ. आमेन.”

तेव्हा कुठे त्याने कप उचलला.

दुसऱ्या दिवशी तिने शिवणाची घाई आहे म्हणून पाहिलं. पठ्ठ्याने चहाला हात लावला नाही. मग ती रोज बसू लागली. कधी शेजारणीच्या बाळंतपणासाठी, कधी बिघडलेल्या ब्लाउजसाठी मागायची. एका सकाळी मागता मागता भलतंच तोंडून गेलं.

“मला भीती वाटते रे. रात्रभर यांचा श्वास ऐकत पडते. हे गेले तर मी बोलू कोणाशी?”

डोळे उघडायचा तिला धीर होईना. नवऱ्याचा हात चाचपडत आला आणि तिच्या हातावर टेकला.

पुढे एकदा लेक बापाला व्यायामाच्या उपचारांसाठी सकाळीच घेऊन गेली. घर रिकामं. अडवणारं कोणी नव्हतं. मशीनवर अर्धवट झगा वाट बघत होता. बाई मशीनपाशी गेली, दोरा ओवला आणि तशीच उठून येऊन खुर्चीत बसली. डोळे मिटले.

“आज हे घरात नाहीत,” ती हळूच म्हणाली, “तर यांच्याबद्दल जरा मोकळेपणी सांगते.”