सरांचा गाजलेला लेख

आमच्या विभागप्रमुखांच्या नावावर इंटरनेटवर एक शोधलेख सापडला. कुठल्याशा चॅटबॉटने कुणाच्या तरी संदर्भसूचीत तो ठोकून दिला होता. नाव भारदस्त, वर्ष आणि पानांचे आकडे जागच्या जागी, फक्त लेखच नव्हता. पण एकाची सूची दुसऱ्याने डोळे झाकून उतरवली, दुसऱ्याची तिसऱ्याने, आणि बघता बघता त्रेसष्ट विद्वानांनी त्याचा संदर्भ दिला.

मी इथली ग्रंथपाल. जाऊन सांगितलं, "सर, हा लेख तुम्ही लिहिलेलाच नाही."

"मॅडम, माझ्या खऱ्या लेखांचा संदर्भ किती वेळा दिला गेलाय?"

"चार वेळा. त्यातल्या तीन वेळा तुम्हीच दिलाय."

"मग राहू दे की बिचाऱ्याला! तुमच्या का पोटात दुखतंय?"

बढतीच्या अर्जात तो लेख पहिल्या नंबरावर गेला. मुलाखतीत कागदपत्रं पुरवायला मलाच बसवलं होतं. समोर निवड समितीचे पाच दिग्गज. म्हटलं, आता पडतंय पितळ उघडं.

समितीच्या अध्यक्षांनी त्या लेखाच्या नावावर बोट ठेवलं.

 

"हा मी वाचलाय हो तुमचा. शेवट मात्र जरा घाईत उरकलात."