मन्याना

"आज चालू होणार की नाही, एवढंच विचार त्याला," नितीनशेठ कावून म्हणाले.

दुभाषी म्हणून आलेल्या वृषालीनं स्पॅनिशमध्ये विचारलं. नव्या मशीनपाशी उभा असलेला स्पेनचा इंजिनियर बराच वेळ बोलला. तिनं काही उत्तर दिलं. त्यानं खांदे उडवले. "मन्याना?"

"उद्या म्हणतोय, शेठ."

पॅकिंगला बसलेल्या सुमनबाईंचा जीव भांड्यात पडला. मशीन चालू झालं की पॅकिंगच्या चौघी घरी, हे शेठनी सांगूनच टाकलं होतं. नागापूरच्या या कारखान्यात चौघींचे कालपर्यंत दोनशे छत्तीस दिवस भरले होते. दोनशे चाळीस भरले, की बाईला कायद्यानं असं एका शब्दावर काढता येत नाही. मंगळवार होता. शुक्रवार गाठायचा होता.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी वृषालीला गाठलं. "ए पोरी, मन्याना म्हंजी काय गं?"

"उद्या. सकाळलाही तोच शब्द. पोर्तुगीज लोक अमन्यां म्हणतात."

"मंग उद्या सकाळी, हे कसं म्हनायचं?"

"मन्याना पोर ला मन्याना."

सुमनबाई पोट धरून हसल्या. "आन् त्यांचा उद्या, उद्याच असतो व्हय?"

"नेहमी नाही, मावशी. कधीकधी नुसतंच 'आज नाही'."

"आमच्या टेलरवानी!"

बुधवारी मन्याना झाला. गुरुवारीही. "कसला आळशी माणूस! त्याच्या कंपनीला फोन लाव," शेठ वृषालीवर खेकसले.

"लावते," ती म्हणाली.

सुमनबाईंनी त्या आळशाला भाकरी आणि ठेचा खाऊ घातला. घड्याळावर बोट आपटत तो पोटतिडकीनं काहीतरी सांगत राहिला. त्यांना वाटलं, तिखट लागलं. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

शुक्रवारची पाळी सुटली. दोनशे चाळीस.

शनिवारी सकाळी मशीन एका बटणात सुरू झालं. शेठनी टाळ्या वाजवल्या, मशीनला हार घातला. दुपारी इंजिनियरची गाडी फाटकाबाहेर पडली.

सुमनबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "समदं कळत हुतं त्याला. आमच्यापायी आळशी म्हनवून घेतलं बिचाऱ्यानं."

वृषाली गाडीकडे बघत होती.

"त्याला काहीच माहीत नव्हतं, मावशी. तो सोमवारपासून एकच सांगत होता, मशीन तयार आहे, बटण दाबा. 'शेठ म्हणतात, मन्याना,' असं त्याला मीच सांगायचे."